दुधाच्या पगारावरचं घर

माळेगावात कुणालाही विचारा, घर कशावर चालतं? उत्तर येईल, उसावर. माझं मत वेगळं आहे. उसावर ट्रॅक्टरचा हप्ता, सोसायटीची वसुली, पोरीचं लग्न आणि वरचा स्लॅब चालतो. मीठ, तेल, चहापत्ती, पोरांच्या वह्या, आत्यांच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) बीपीच्या गोळ्या, रिचार्ज, आहेराची पाकिटं हे सगळं दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर चालतं. उसाचं बिल किती आलं हे सगळ्या गावाला माहीत असतं. दुधाचा पगार किती, हे घरातल्या पुरुषालासुद्धा धड सांगता येत नाही.

*

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला की तुटायला पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. म्हणजे पैसा हातात पडेपर्यंत दीड वर्ष गेलं. एकरी 60 टन धरू, टनाला हातात 3000 धरू. गोल आकडे, हिशोबाला बरे. झाले 1 लाख 80 हजार. त्याला अठरा महिन्यांनी भागलं की महिन्याला 10 हजार. त्यातून बेणं, लागण, खतं, भरणी, औषधं, पाणीपट्टी. निम्मे राहिले तरी पावलं. म्हणजे एकराला महिना 5 हजार.

हे मी एकदा जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "ऊस असा महिन्यावर मोजायचा नसतो." त्यांचं बरोबर असेल. पण किराणावाला महिन्यावरच मोजतो.

*

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलं आहे. 2024-25 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, क्विंटलला 340 रुपये होती, 2025-26 ला 355, तीही 10.25 टक्के उताऱ्याला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पण आपल्याकडं पैसा तुकड्यातुकड्यानं यायची जुनी रीत: पहिली उचल, मग कांडेबिल, मग दिवाळीचं. राज्य सरकारनं 2022 मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली, शेतकरी संघटना कोर्टात गेली आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयानं ती मुभा काढून घेतली.

घरात मी हे बोलत नाही, वहीत लिहिते. हक्काचा पैसा एकरकमीच मिळाला पाहिजे. तो आपला आहे, दुसऱ्यानं बिनव्याजी का वापरायचा? पण घर चालवणारी म्हणून विचाराल तर मला तुकडे सोयीचे पडतात. एकरकमी आलेल्या पैशाच्या वाटेवर सोसायटी, खताचं दुकान, भावकीतलं कर्ज आणि नवी मोटारसायकल असे चौघं उभे असतात. कांडेबिल येतं तेव्हा निदान शाळा उघडायची असते आणि त्या पैशावर गणवेशाचं नाव आधीच लिहिलेलं असतं.

*

पारावर रोजचा विषय: माळेगाव कारखान्यानं टनाला काय दिलं, सोमेश्वरनं काय जाहीर केलं, भवानीनगरचा छत्रपती काय देणार. पन्नास रुपयांच्या फरकावर दोन दोन तास. पन्नास रुपये किलोमागं तेलाला वाढले तेव्हा पारावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

*

स्वयंपाकघरातली सगळ्यात कामाची वस्तू कोणती? मिक्सर म्हणणाऱ्यांना म्हणू दे. आमच्याकडं ती भिंतीवर टांगलेली असते. कालनिर्णय 1973 पासून निघतं आणि माझ्या माहितीतल्या एकाही बाईनं ते नुसतं तिथी बघायला वापरलेलं नाही. आमच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात सकाळचं दूध, खालच्या कोपऱ्यात संध्याकाळचं, मध्ये फॅट. गोल म्हणजे सिलिंडर लावला. फुली म्हणजे गाय भरवली. "भि" म्हणजे भिशीचा दिवस. कुणाकडून काय उसनं आणलं ते मागच्या बाजूला, राशिभविष्याच्या शेजारी.

वर्ष संपलं की मी ते गुंडाळून माळ्यावर ठेवते. धाकट्या जाऊबाई हसतात. पण गेल्या वर्षी लाल गाय किती दिवस आटली होती, आणि 14.2 किलोचा सिलिंडर पावसाळ्यात किती दिवस पुरतो, उन्हाळ्यात किती, याचं उत्तर मोबाइलवर सापडत नाही. त्या गुंडाळीत सापडतं.

*

सिलिंडर पावसाळ्यात लवकर का संपतो? पाणी तापवायला चूल पेटत नाही म्हणून. चुलीला पाऊस, गोबरगॅसला थंडी. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं दावणीला हवीत. डिसेंबरात थंडी पडली की आतली कुजण्याची क्रिया मंदावते आणि शेगडीची ज्योत निम्मी होते. तेव्हा कालवण गोबरगॅसवर, भाकरी चुलीवर, आणि सिलिंडर फक्त पाहुणा आला की चहाला. तिन्ही चालू ठेवले तरच तिन्ही पुरतात. ज्यांनी "आता कशाला शेणात हात घालायचा" म्हणून गोबरगॅस बुजवला, त्यांच्याच सुना आता सिलिंडर हलवून बघत असतात.

*

दिवाळीच्या तोंडावर कारखान्याच्या सभासदांना सवलतीची साखर मिळते. पोतं घरात येतं ते पन्नास किलोचं. गावात लोक तिच्याकडं मानाची गोष्ट म्हणून बघतात. मी जागेची अडचण म्हणून बघते.

पोतं जमिनीवर ठेवायचं नाही, भिंतीला टेकवायचं नाही. खाली दोन विटा, त्यावर फळी, फळीच्या भोवती हळदीची रेघ. मुंग्या तरी येतात, पण चार दिवस उशिरा येतात. पोतं उसवताना शिवणीचा दोरा एका बाजूनं ओढला की सरसर सुटत जातो. कात्री लावायची नाही, कारण तो दोरा लांब आणि मजबूत असतो आणि वाकळ शिवायला लागतो. आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन उन्हाळ्यात कुरडया घालायला. पोतं स्वतः आधी भुईमुगाच्या शेंगांना, मग पायपुसण्याला, शेवटी गोठ्यात वासराच्या अंगावर.

आणि साखर? आलेली साखर पहिल्या पंधरा दिवसांतच वाटली गेली पाहिजे. दोन नणंदांना पाच पाच किलो, माहेरी पाच, गणपतीच्या देवळात दोन. उरलेली दोन डब्यांत: एक रोजचा, एक वर कोनाड्यात. घरात पन्नास किलो साखर एका जागी दिसली की चहा आपोआप गोड होतो. हे मी बघितलं आहे. डबा भरलेला असला की चमचा शिगोशीग जातो, तळ दिसायला लागला की सपाट. म्हणून रोजच्या डब्यात मी दोन किलोच्या वर कधी ओतत नाही.

मामांना साखर झाली (म्हणजे दुसरी साखर) तेव्हा डॉक्टरांनी चहा बिनसाखरेचा सांगितला. मामा म्हणाले, "सभासद आहे मी!"

*

धान्याचं. गहू उन्हात दोन दिवस, मग सावलीत एक दिवस निववायचा. गरम गहू कोठीत भरला की आत घाम धरतो आणि सोंडे होतात. कोठीत तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला, मध्ये मध्ये बिबवे, वर पुन्हा पाला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. हरभऱ्याला चुलीची राख, पण चाळलेली. ज्वारी जास्त दिवस ठेवायचीच नाही.

आता बिबवा मिळतो तो बाजारातच, आणि विकणाऱ्या बाईला पाच बिबवे मागितले तर ती वर बघते. "कोठीला का पायाला?" पायाला म्हणजे काटा मोडला तर. तिच्याकडं दोन्हींसाठी वेगळे ढीग असतात. कोठीचे जून, काळेभोर, पायाचे रसाळ.

*

पुतण्या हिंजवडीला असतो. त्याच्या बायकोनं मारी कोंडो नावाच्या जपानी बाईचं पुस्तक वाचलं. घरातली प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हिच्यामुळं मला आनंद होतो का? होत नसेल तर निरोप द्यायचा. ती सुटीला आली तेव्हा माळ्यावर चढली. पाटा, जातं, तीन कंदील, पितळी बंब, फुटकी रांजणं, मामांच्या बापाची काठी.

आत्या खालून म्हणाल्या, "आनंदाचं विचारत बसलीस तर ह्या घरातली पहिली मीच बाहेर जायचे."

पोरगी हसली, पण काम चोख केलं तिनं. कंदील पुसून एका खोक्यात, खोक्यावर कागद, कागदावर काय आहे ते लिहिलेलं. टाकलं काहीच नाही. जपानी बाईचा निम्मा सल्ला आमच्या कामाचा निघाला.

*

नीरा डावा कालवा गावाजवळून जातो. भाटघर धरणाच्या पाण्यावर हा सगळा पट्टा हिरवा झाला, त्याआधी हा दुष्काळीच मुलूख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ह्याच कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी ठरावीक वर्षांसाठी हमखास द्यायचं, पण जमिनीचे तीन भाग करायचे. एका भागात ऊस, बाकी दोन भागांत हंगामी पिकं, आणि ऊस दर वर्षी जागा बदलणार. पाणी सगळ्यांना पोचावं आणि जमिनी खारवू नयेत म्हणून. पुढं लोकांनी तिन्ही भागांत ऊस लावला. खारवलेल्या जमिनी बघायच्या असतील तर फार लांब जावं लागत नाही.

घरात मी ब्लॉक पद्धत पाळते. एका वर्षी एकच मोठा खर्च. यंदा छताचं गळणं असेल तर रंग नाही. रंग असेल तर कपाट नाही. पोरगं दहावी-बारावीला असेल ते वर्ष बाकी सगळं कोरडवाहू.

*

कोपीतला संसार.

गळीत सुरू झालं की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या, नगरकडच्या. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला मोकळ्या रानात कोप्या पडतात: बांबूच्या कमानी, वर चटया आणि प्लास्टिकचा कागद. आत वाकूनच जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात भाकरी करून फडात.

एकदा ताक द्यायला गेले तेव्हा आत डोकावून बघितलं. समोर पत्र्याची पेटी, पेटीवर घडी केलेल्या वाकळा, वाकळांवर देवाचा फोटो. एका बाजूला बाजरीच्या पिठाचं पोतं, तोंड दोरीनं बांधलेलं. दोन कळशा, एक परात, तवा, कढई. बांबूला अडकवलेली पिशवी, तिच्यात आधारकार्ड, दवाखान्याचे कागद, पोराच्या शाळेचा दाखला. जमीन शेणानं सारवलेली. दाराशी तीन दगडांची चूल, तिच्या पलीकडं झाडून काढलेलं हातभर अंगण. माझ्या चार खोल्यांच्या घरात एवढी नीटनेटकी एकही खोली नाही.

मी म्हणाले, "किती टापटीप ठेवलंय हो ताई."

ती म्हणाली, "वैनी, ट्रॅक्टरात जेवढं बसंल तेवढाच संसार. पसरायला हाय काय?"

ह्या घराला काटकसरीचं उदाहरण म्हणून कुणी भाषणात वापरू नये. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हातात पैसा येतच नाही. हाती आलेलं मागं ठेवायला जमतं त्याची काटकसर. इथं मागं ठेवायला काही येतच नाही. तरी अंगण झाडलेलं असतं.

जाताना वाढ्याचा भारा तिनं आमच्या गाईंसाठी दिला. एरवी वाढे विकूनच त्यांचा मीठमिरचीचा खर्च भागतो.

*

पाचट जाळायचं नाही, हे आमच्याकडं माळेगाव कॉलनीतल्या कृषी विज्ञान केंद्रानं सांगून सांगून पटवलं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत कुट्टी करून टाकलं की पाण्याची एखादी पाळी वाचते आणि जमीन भुसभुशीत राहते. पुरुषांना हे पटायला वर्षं लागली. घरातल्या बायका मात्र भाजीचं देठ, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण कधीपासून वाया जाऊ देत नव्हत्या. आता माळेगावला नगरपंचायत झाली, घंटागाडी येते. ओला कचरा वेगळा द्या म्हणतात. आमच्याकडं ओला कचरा नसतोच. तो गाईनं खाल्लेला असतो. गाडीत पडतात त्या शाम्पूच्या पुड्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं.

*

काटेवाडी इथून जवळच. शारदाबाई पवार 1938 मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. सात मुलगे, चार मुली. भाषणांत बोर्ड येतं, पुढं मुलगा काय काय झाला ते येतं. अकरा पोरांची अंथरुणं, अकरा ताटं, एकाचा सदरा दुसऱ्याला कधी उतरवायचा, हे कुणाच्या भाषणात येत नाही. बैठकीला बाई वेळेवर पोचते ती घरातलं सगळं आदल्या रात्री लागलेलं असतं म्हणून.

*

रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ धान्य वेगळ्या गाडग्यात. आत्या हे करत आल्या, त्यांच्या सासूही करायच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी घराघरातून मूठमूठ धान्य जमवलं, तो मुष्टिफंड. लक्ष्मीबाईंनी तर पोरांसाठी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पश्चिम महाराष्ट्रात किती शिकलेल्यांच्या पोटात कुणाकुणाच्या घरची मूठ गेली असेल.

आमचं गाडगं आता सप्त्याच्या पंगतीला जातं. मी सुचवलं होतं, ऊसतोडणीच्या पोरांना द्यावं. सप्त्याच्या कमिटीत त्यावर विचार चालू आहे. विचार चालूच राहणार.

*

चैत्र-वैशाखात अंगणभर कुरडया, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस. आमच्यासाठी ही पावसाळ्याची तजवीज: भाजी महाग झाली, रस्ता चिखलाचा झाला की सांडग्याचं कालवण. आमच्या बचत गटातल्या दोघी पुण्यात भीमथडी जत्रेला गेल्या, तर तिथं हेच सांडगे शहरातल्या बायका हौसेनं घेत होत्या. एकीनं विचारलं, "हे ऑर्गॅनिक आहे का?" आमची म्हणाली, "हे उरलेल्या कोहळ्याचं आहे." ते ऐकून तिनं दोन पाकिटं जास्त घेतली.

*

लाडकी बहीण जुलै 2024 पासून. महिना 1500. वय 21 ते 65, घरात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालतो. आमच्या गटात पहिल्या हप्त्याला कुणी काय केलं ते मी मुद्दाम विचारलं. एकीनं जोडवी सोडवली. एकीनं दाढ काढली, ती दोन वर्षं दुखत होती. एकीनं नवऱ्याला सांगितलंच नाही. धाकट्या जाऊबाईंनी एसटीनं एकटीनं आळंदी केली आणि येताना स्वतःला एक स्टीलचा डबा आणला. त्यात काय ठेवलंय ते मी विचारलेलं नाही. घर नीट चालायला एक डबा असा असावा ज्याच्यात कुणी हात घालत नाही.

आत्यांचं वय 65 च्या पुढं. त्यांना काही नाही. "आम्ही बहिणी नव्हतोच वाटतं कुणाच्या," असं त्या म्हणतात.

*

दिवाळीच्या बिलाला मागणी करणाऱ्यांची यादी दसऱ्यालाच तयार झाली. ह्यांना ठिबकचे नवे पाइप. दिरांना स्लॅब. पोराला लॅपटॉप. मामांना भावकीच्या जत्रेतला मान. यादी वाचून झाली आणि आत्या म्हणाल्या, माझे गुडघे आता खाली बसत नाहीत, मला ते खुर्चीसारखं भांडं बसवून द्या.

सगळे गप्प. ह्या बाईनं पन्नास वर्षांत मागितलेली ही पहिली वस्तू असेल. दीर म्हणाले, स्लॅबच्या वेळी नवीन बाथरूम होणारच आहे, तेव्हा एकदमच करू. एकदमच करू म्हणजे कधी, हे आत्यांना आणि मला चांगलं ठाऊक आहे.

मी भिशीचा नंबर धाकटीबरोबर बदलून घेतला. गवंडी दुसऱ्याच आठवड्यात आला. म्हणाला, खालच्या फरश्या जुन्या आहेत वहिनी, ह्याच खर्चात बदलून टाकू, चकाचक दिसेल. आत्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चकाचक फरशीवर मी घसरून पडले तर दवाखान्याचा खर्च तू देणार का? भांडं बसव आणि भिंतीला धरायला दांडी लाव."

दांडीचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. तिचे साडेतीनशे वेगळे लागले.